आई गेली म्हणजे दोन पावलं मागे

"रविवारी चार वाजता," मी म्हणालो. "साडेपाचला तू मोकळा. त्याच्यापुढं एक मिनिट मागणार नाही."

फोनमध्ये पलीकडं कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, तिच्या चाकाची किरकिर ऐकू येत होती. प्रल्हाद दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून बोलत होता.

"सरदार, आईला अजून ऑक्सिजन लावलेलाय रे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, कालच्यापेक्षा बरंय. पण काल पण हेच म्हटले होते."

"मग झालं तर. दादा आहेत ना जवळ?" दादा म्हणजे त्याचे वडील.

"दादाच आहेत. बहीण पुण्याला, बाकी कोण आहे इथं?"

"तू दुपारी अंघोळीला घरी जातोसच की. तेवढ्यात बसायचं. घर ते दवाखाना दहा मिनिटं, तूच सांगितलंस. काही लागलंच तर उठायचं. कोण धरून ठेवणार आहे तुला?"

हे वाक्य माझं आहे. शब्दाला शब्द आठवतंय, आणि आठवू नये म्हणून मी बरेच उद्योग करून बघितलेत.

ट्रॉली लांब गेली.

"तू म्हणतोयस तर बसतो," तो म्हणाला.

मी हेरंब पाटगावकर. कोल्हापुरात एका फौंड्रीत ड्रॉइंग काढतो. तेव्हा चौतिशीत होतो, लग्न जमत नव्हतं आणि ऑनलाइन खेळांचा नाद होता. नाद म्हणजे साधासुधा नाही. या खेळांत आपण एक माणूस घ्यायचा, योद्धा म्हणा, जादूगार म्हणा, वैद्य म्हणा, आणि जगभरच्या हजारो लोकांच्या गर्दीत त्याला वाढवत न्यायचं. पहिला खेळ मी कॉलेजात असताना राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत खेळलो. त्यात वाळवंट होतं आणि मी तिरंदाज होतो. वर्षभर तीर मारले, कुणी नाव विचारलं नाही, सोडला. दुसऱ्यात जहाजं होती. एका परदेशी पोरानं गोड बोलून माझं जहाज पळवलं, मी दोन दिवस नीट जेवलो नाही, तोही सोडला. तिसऱ्यात सगळ्यांना पंख होते, त्यात माझं काही जमलंच नाही. कुठंही माझ्यावाचून कुणाचं अडलं नाही.

चौथ्या खेळात अडायला लागलं. त्यात मराठी लोक भेटले, आणि आम्ही आमची टोळी काढली. नाव ठेवलं 'तांबडा रस्सा मंडळ'. भरभराटीच्या काळात चाळीस माणसं होती, आणि मी त्यांचा सरदार. फौंड्रीत मला कुणी साहेब म्हणत नव्हतं, घरी आई 'ए बाळ्या' म्हणायची, आणि इथं वाशीमचा, दापोलीचा, दुबईतला माणूस 'सरदार, आता काय करायचं' म्हणून विचारायचा. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

प्रल्हाद खैरनार मनमाडच्या अलीकडचा, शाळेत प्रयोगशाळा सहायक. खेळात त्याचं नाव बुरूज. ढाल घेऊन सगळ्यांत पुढं उभं राहायचं आणि मार खायचा हे त्याचं काम. हे काम कुणाला नको असतं, कारण त्यात मजा नाही. प्रल्हादला त्यातच मजा यायची. "मी उभा आहे ना," असं लिहायचा, आणि उभा असायचा.

आणि तृप्ती मेश्राम. चंद्रपूरच्या कोर्टात स्टेनो. खेळात ती वैद्य होती. लांब उभी राहून मंत्र टाकायची, मग मार खाणाऱ्याच्या अंगावर हिरवा उजेड पडायचा आणि त्याच्या जखमा भरायच्या. मंडळात ती वयानं सगळ्यांत लहान, पण रागवायची फार. "औषध घेतल्याबिगर पुढं काहून पळून राहिला तू? मागं ये." त्यामुळं पंधरा दिवसांतच तिचं नाव 'आई' पडलं. दुबईतला पन्नाशीचा गृहस्थसुद्धा तिला आई म्हणायचा.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण सगळं तिच्यावरच आहे. आम्ही बोलत नव्हतो, टाइप करत होतो. प्रल्हादचं नेट असलं रडकं की बोलायला गेलं की त्याचा आवाज तुटायचा. आणि टाइप करायचं तेही इंग्रजी अक्षरांत मराठी. त्यात 'मारतो' आणि 'मरतो' एकसारखंच दिसतं. एकदा लढाईत दापोलीचा एक जण 'मरतो' म्हणून लिहीत होता, आम्हाला वाटलं मारतोय, आम्ही 'मार, मार' म्हणून हुरूप देत बसलो. तो गेला आणि त्याच्यामागनं सगळं मंडळ गेलं. त्या दिवशी मी खुणा ठरवून टाकल्या. 'पानं वाढा' म्हणजे सगळ्यांनी हल्ला. 'हात धुवा' म्हणजे पळा. आणि 'आई गेली' म्हणजे तृप्ती पडली, सगळ्यांनी दोन पावलं मागे, कारण आता जखमा भरणारं कुणी नाही. ज्याला पहिलं दिसेल त्यानं लिहायचं. ही अक्कल माझीच.

तर त्या वर्षी खेळाच्या कंपनीनं जाहीर केलं की तीस जूनला, रविवारी, संध्याकाळी सहाला खेळ कायमचा बंद. लोक कमी झाले होते, चालवणं परवडत नव्हतं त्यांना. आमच्याकडंही अकरा जण उरले होते. मला एकच गोष्ट बोचत होती. त्या खेळात सगळ्यांत शेवटी एक राक्षस होता. त्याचं इंग्रजी नाव कुणाला म्हणता येत नव्हतं, दिसायला रेड्यासारखा, म्हणून आम्ही त्याला रेडाच म्हणायचो. जी टोळी रेड्याला पाडेल, तिच्यातल्या सगळ्यांची नावं शहराच्या वेशीवरच्या दगडावर कोरली जायची. आम्ही तेरा वेळा गेलो आणि तेरा वेळा मार खाऊन आलो. आता शेवटचा रविवार राहिला होता. दगडावर नाव लागलं असतं ते अर्धा तास टिकलं असतं, मग दगडच राहणार नव्हता. हे मला कळत होतं. तरीही मला ते नाव पाहिजे होतं. चार खेळ आणि चौदा वर्षं, आणि कुठंही माझं नाव नाही, हे सहन होत नव्हतं. आणि बुरूज नसला तर रेड्यासमोर आम्ही दोन मिनिटं टिकलो नसतो.

म्हणून मी दवाखान्यात फोन केला होता.

रविवारी चारला पाच मिनिटं कमी असताना प्रल्हाद आला. लिहिलं, "अंघोळ झाली. दादा जवळ बसलेत. आईनं सकाळी दोन चमचे पेज घेतली."

"बेस," मी लिहिलं. पुढं काही विचारलं नाही. अकरा जणांची मांडणी डोक्यात चालली होती.

रेडा एका खिंडीत असतो. खिंडीच्या तोंडाशी बुरूज ढाल लावून उभा, त्याच्या मागं आम्ही सगळे, आणि सगळ्यांत मागं उंचवट्यावर तृप्ती. बुरूज हलला की रेडा आत घुसणार आणि सगळे खलास. पहिला डाव पंधरा मिनिटांत गेला. दुसरा पाचला पाच कमी असताना गेला. तिसऱ्याला आम्ही पाच वाजता उभे राहिलो. सगळ्यांना माहीत होतं की हा शेवटचा. पुन्हा सुरुवात करायला वेळ उरणार नव्हता.

तिसरा डाव लागला. कसा लागला, माहीत नाही. कुणी चुकत नव्हतं. सव्वापाचला रेड्याचा जीव निम्म्याच्या खाली आला. एवढा खाली आम्ही तो कधीच बघितला नव्हता. माझी आई माझ्या खोलीत आली आणि चहाचा कप टेबलावर ठेवून म्हणाली, "बाळ्या, गार होईल."

"आई, आत्ता नको," मी तिच्याकडं न बघता म्हणालो. ती गेली.

पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात बुरूजची ओळ आली.

आई गेली.

दोन-तीन जण लगेच मागं सरकले. खूण तशीच होती. तृप्तीनं फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं. बुरूजच्या अंगावर हिरवा उजेड पडत होता, रेडा शिंगं खाली घालून येत होता, आणि मागं सरकलेल्यांमुळं बाजूला भगदाड पडलं होतं. मी लिहिलं, "मागे येऊ नका. पानं वाढा." आणि मग बुरूजसाठी लिहिलं, "गेली तर गेली. जागा सोडू नकोस. दहा मिनिटं."

बुरूजनं काही लिहिलं नाही. त्या धडकेला त्याची ढाल जरा उशिरा वर आली. त्यानंतरच्या धडकेला वेळेवर आली, आणि त्यानंतर एकदाही चुकली नाही. आजपर्यंत मी कुणाला तसं उभं राहिलेलं बघितलं नाही. पाच एकतीसला रेडा पडला.

सगळे नाचायला लागले. खेळातली माणसं खरोखर नाचतात, त्यासाठी एक बटण असतं. बुरूज नाचला नाही. "जातो," एवढं लिहून तो गेला. आम्ही दहा जण वेशीवर जाऊन दगडासमोर उभे राहिलो. माझं नाव सगळ्यांत वर होतं, त्याच्याखाली बुरूज. बरोबर सहाला पडदा काळा झाला. चहावर साय धरली होती.

"कोण जिंकलं?" आईनं स्वयंपाकघरातनं विचारलं.

"आम्ही," मी म्हणालो.

सातला तृप्तीचा फोन आला. ती कधी फोन करायची नाही.

"सरदार, बुरूजची आई गेली. त्याच्या बहिणीनं माझा नंबर शोधून कळवलं. सव्वापाचच्या सुमारास गेली म्हणे. डबल न्यूमोनिया."

माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, "अगं, मला वाटलं तू."

"मी?"

"तू पडलीस, असं वाटलं. आपली खूण होती ना. त्यानं तेच लिहिलं."

तृप्ती म्हणाली, "हो का."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रल्हादला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. त्यानं उचलला आणि मला रडूच आलं. त्याची आई गेलेली, आणि रडतोय मी. तोच माझी समजूत घालायला लागला.

"सरदार, ऐक. तुला काय माहीत? मी लिहिलं तेच तसं. तुला वाटलं आपली आई. चूक माझी आहे."

"प्रल्हाद, मी—"

"तुला काय माहीत," तो पुन्हा म्हणाला. "सोड."

मी सोडलं. लिहिलेला कागद घडी घालून खिशात ठेवला.

मंडळ पांगलं. पाचव्या खेळात मी एक माणूस घेतला होता, चार दिवस चालवला. तिथं एका अनोळखी पोरीनं माझ्या अंगावर हिरवा उजेड टाकला आणि मी कॉम्प्युटर बंद केला. पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली. प्रल्हाद दर दिवाळीला फोन करायचा. दर वेळी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी आम्ही पोरांच्या शाळांवर बोलून फोन ठेवायचो.

नऊ वर्षांनी त्यानं घर बांधलं. "वास्तुशांतीला यायचं," म्हणाला. "तृप्ती पण येतीय. तुम्हाला दोघांना अजून बघितलं नाही मी, लाज वाटत नाही का?"

वाटत होती. गेलो.

प्रल्हाद बुटका निघाला. मी उगाच मनात धिप्पाड माणूस धरून चाललो होतो. त्यानं मला दारातच मिठी मारली आणि हाताला धरून सगळ्यांच्या मध्ये नेलं. अंगणात मांडव, मांडवात त्याचे शाळेतले लोक, मावसभाऊ, शेजारी. एका खुर्चीवर त्याचे वडील, पांढरी टोपी, हातात काठी. थोड्या वेळानं तृप्ती आली, बारीक, चष्मा लावलेली. मला बघून म्हणाली, "सरदार म्हणजे हे? मला वाटलं मिशा असतीन."

सगळे हसले. तेवढ्यात मावसभाऊ म्हणाला, "पऱ्या, हेच का ते? गेली तर गेलीवाले?"

आणि प्रल्हादनं ती गोष्ट सांगितली. ती त्या घरात सगळ्यांना पाठ होती हे लगेच कळलं. कुठं थांबायचं, कुठं हात करायचे, सगळं बसलेलं होतं.

"...तर मी घरी आलेलो अंघोळीला, आणि खेळत बसलो. दादांचा फोन आला. माझा मेंदूच चालंना. समोर ही माणसं होती, म्हणून मी तिथंच लिहिलं, आई गेली. आणि आता आमच्या खेळात आई कोण? ह्या तृप्तीबाई. तर हा बाबा मला काय लिहितो? गेली तर गेली."

मांडवात हशा झाला, पण जपून, कारण विषय तसा होता.

"खरं सांगतो," प्रल्हाद म्हणाला, "चौथ्या दिवशी मला ते आठवलं आणि एकदम हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. तेव्हा कुठं मी जेवलो. ह्याच्यामुळं जेवलो."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खाली बघत होतो. लोकांना वाटलं, लाजतोय. लाजतच होतो, पण त्यांना वाटलं ते वेगळं. गोष्टीत त्यानं लिहिलं, मी लिहिलं, आणि तो उठून दवाखान्यात पळाला. पाच एकोणीस ते पाच एकतीस, ही बारा मिनिटं त्यात कुठंच नव्हती.

नंतर दादांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"तुम्ही लांबून आले," ते म्हणाले. "पऱ्या तुमचं नाव फार घेतो."

"हो, दादा."

"त्याची आई गेली तेव्हा मी एकटाच होतो बघा. मुलगी यायची होती पुण्याहून. तो दवाखान्यातला पोऱ्या आला, म्हणे चादर ओढतो तोंडावर. मी म्हटलं, थांब रे. तिचा लेक येऊन राहिला, दहा मिनिटांवर घर आहे. मी त्याला चादर ओढू दिली नाही. तिचा हात धरून बसलो. दार उघडलं की वाटायचं, आला." त्यांनी काठी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली. "त्या दिवशी नेमकं रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी होती म्हणे. पोरगं फोन आल्याबरोबर निघालेलं, पण फाटकात अडकलं. येऊन पाया पडला आणि म्हणला, दादा, फाटक. त्या फाटकानं घात केला."

"हो," मी म्हणालो.

"मी अजून तिकडून जात नाही."

मला तिथं बसवेना. मी उठून घराच्या मागं गेलो. तिथं कट्ट्यावर तृप्ती सुपारी कातरत बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सरदार, त्या दिवशी मी एकदाही पडली नव्हती."

मी कट्ट्याच्या कडेला टेकलो.

"पहिल्या धडकेपासून रेडा मरेपर्यंत बुरूजच्या अंगावर मंत्र टाकून राहिली होती मी. तुमच्या पडद्यावर माझ्या जिवाची पट्टी हिरवीगार दिसत असन. पूर्ण भरलेली. बरोबर आहे का नाही?"

"बरोबर आहे."

आता तुम्हालाही सांगतो. 'आई गेली' ही ओळ आली आणि माझी नजर सवयीनं तृप्तीच्या पट्टीवर गेली. पट्टी भरलेली होती. ती उंचवट्यावर उभी होती, तिच्या हातातनं हिरवा उजेड निघत होता. मला कळायला एक सेकंद लागला असेल, तेवढाही नाही. कुठली आई, ते मला कळलं. दवाखान्याचा जिना आठवला, पेजेचे दोन चमचे आठवले. आणि रेड्याचा जीव निम्म्याच्या खाली होता. मी लिहिलं, गेली तर गेली. जागा सोडू नकोस. समजून उमजून लिहिलं. संध्याकाळी तृप्तीला 'मला वाटलं तू' म्हणालो, ते ठरवून नव्हतं, पण त्याच्यानंतर नऊ वर्षं जे गप्प बसलो ते ठरवून होतं.

"मी कोर्टात बसते जी," तृप्ती म्हणाली. "कोण कधी काय बोललं, हेच लिहिते दिवसभर. फोनवर तुम्ही बोलले तेव्हाच मला समजलं. वाटलं, आज नाही तर उद्या सांगतीन त्याला. सांगितलं का?"

"नाही."

"तो तुम्हाला डोक्यावर घेऊन फिरते."

"माहीत आहे."

"मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही बघा." तिनं सुपारीची डबी बंद केली आणि आत गेली.

प्रल्हाद मागच्या नळावर होता. पंगत बसत होती आणि तो स्वतः पाण्याचे जग धुऊन भरत होता. मी जाऊन उभा राहिलो. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे कळत होतं.

"प्रल्हाद, मला माहीत होतं."

"काय?"

"तृप्ती उभी होती. मला दिसत होतं. तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं, तुझी आई गेली म्हणून. मी तरीही लिहिलं. मला तो दगड पाहिजे होता."

जग भरून वाहायला लागला. त्यानं नळ बंद केला.

"उजेड कुणाच्या अंगावर पडत होता, सरदार?"

"तुझ्या."

"मग?" तो म्हणाला. "तृप्ती उभी आहे आणि तू ते बघतोयस, हे मला दिसत नसंल का?"

"तुला सगळं माहीत होतं? मग दुसऱ्या दिवशी मला तसं का म्हणालास? तुला काय माहीत, म्हणून?"

"ते तुझ्यासाठी नव्हतं म्हटलेलं." त्यानं मांडवाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुला माहीत नव्हतं, असं म्हटलं की त्याची गोष्ट होते. इंग्रजी अक्षरं, तुझी खूण, तुझा गैरसमज, सगळं बसतं तिच्यात. लोक हसतात आणि पुढं कुणी विचारत नाही. तुला माहीत होतं असं म्हटलं, की मग कुणीतरी विचारणारच. ह्यानं लिहिलं, थांब. मग तू का थांबलास?"

"मी सांगितलं म्हणून—"

"तू कोल्हापुरात होतास. मला काय धरून ठेवलं होतंस का तू?"

त्यानं ते रागानं म्हटलं नाही. त्याला माझं दवाखान्यातलं वाक्य आठवत होतं की नाही, माहीत नाही.

"कुठली आई गेली ते मला तर माहीत होतं ना," तो म्हणाला. "तिकडं दादा हात धरून बसलेत. आणि मी ढाल लावतोय. बारा मिनिटं. मोजलीत मी पण."

मांडवातनं कुणीतरी पाणी मागितलं. तो हलला नाही.

"नऊ वर्षं ती गोष्ट सांगतोय मी, सरदार. इतक्यांदा सांगितली की मलाच खरी वाटायला लागली होती. की हेरंबला वाटलं खेळातली आई, आणि मी उठून पळालो." त्यानं भरलेला जग बाजूला ठेवला. "आज आता तू हे कशाला सांगितलंस?"

"मला वाटलं, सांगितलं म्हणजे—"

"हलकं वाटेल."

"हो."

"वाटलं का?"

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

"प्रल्हाद," दादांची हाक आली. कुणी पाव्हणे उशिरा आले होते आणि त्यांना दादांनी आपल्या शेजारी बसवलं होतं. "अरे, हे आत्ता येऊन राहिले. ते सरदार पण आहेत इथं. ती गोष्ट सांग ना यांना. मलाही पुन्हा ऐकायचीय."

प्रल्हादनं माझ्याकडं बघितलं.

"नंतर, दादा," तो म्हणाला, आणि जग उचलून पंगतीत पाणी वाढायला गेला.